कमलगडची न पडलेली किंमत
शहात्तर सालच्या दिवाळी पाडव्याला नानासोंनी ऑफिसच्या भिंतीवर दहा वर्षांच्या भावांचा तक्ता लावला. क्षमाने आधी कमलगड पंप कंपनीची ओळ शोधली. ती जशी हवी होती तशीच होती. तिने समाधानाने पदर सावरला.

नानासो तिचे धाकटे दीर, सांगलीत शेअरची दलाली करायचे. तीन वर्षांपूर्वी, तिच्या यजमानांचे वर्षश्राद्ध नुकतेच झाले होते, तेव्हा ते चेहरा पाडून आले.

"वहिनी, कमलगड बुडते आहे. एकशे ऐंशीचा भाव नव्वदवर आला. अजून घसरायच्या आत तुमचे शेअर मीच घेतो, घरातल्या घरात राहतील."

वर्तमानपत्रातही नव्वदच छापले होते. ते सांगतील तिथे तिने सह्या केल्या, वर त्यांचे उपकार मानले.

पुढच्या वर्षी साताऱ्याच्या एका लग्नात नानासोंचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त सुभेदार हंबीरराव, गप्पा मारत होते. त्यांच्याकडेही कमलगडचे शेअर होते. "आवं ताई, भाव निम्मा झाला, पर कंपनीनं एका शेअरवर एक फुकट दिला न्हवं! आमचं काय बी गेलं न्हाई."

क्षमाला पुढचे जेवण गेले नाही. तिच्या वाट्याचे फुकटचे शेअरही नानासोंच्या घशात गेले होते. तिच्या नावचा कंपनीचा पत्रव्यवहार त्यांच्याच पत्त्यावर चाले.

ती भांडली नाही. घरात भांडली असती, तर "वहिनींना यातले काय कळते" म्हणून ते मोकळे झाले असते. तिला कबुली त्यांच्याच तोंडून हवी होती, आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांसमोर. ती त्यांना कॉफी करून देत राहिली आणि विचारत राहिली, "भावजी, जुना भाव आजच्याशी कसा ताडून बघतात हो?"

नानासो खुलायचे. एकावर एक शेअर फुकट दिला की त्याआधीचे सगळे भाव निम्मे करून लिहायचे, नाहीतर न झालेली पडझड दिसते, असे त्यांनीच तिला समजावले. तक्त्याची कल्पनाही तिचीच. कमलगडचे जुने भाव निम्मे केले, तर वहिनीला सांगितलेली पडझड खोटी ठरणार. न केले, तर गिऱ्हाइकांत हसे होणार. नानासोंनी वहिनीच्या अडाणीपणावर भिस्त ठेवली आणि एकशे ऐंशी तसेच राहू दिले.

पाडव्याला नानासोंची गिऱ्हाइके ऑफिसात जमत; यंदा सुभेदारांना आमंत्रण क्षमानेच धाडले होते.

"नानासो, ह्ये काय लिवलंय? कमलगड कवा पडला?"

"छापलेला भाव आहे, सुभेदार."

"छापलेला आसंल. पर फुकट शेअर देणाऱ्या बाकी समद्या कंपन्यांचं जुनं भाव तुमी निम्मं केलं, हिचंच का ठेवलं? आमी काय रंगरूट हाय व्हय?"

माणसे हसली. नानासोही हसले. "नजरचूक, नजरचूक," म्हणत त्यांनी लाल पेनाने एकशे ऐंशी खोडून नव्वद लिहिले.

"म्हणजे भावजी," क्षमा उभी राहिली, "मी तुम्हाला विकले तेव्हा भाव पडलाच नव्हता?"

नानासोंच्या बायकोने, शालूबाईंनी, तिचा हात धरला. "वहिनी, सणासुदीला कशाला..."

"सणालाच विचारणार. माणसे आज जमली आहेत."

"नव्हता पडला," नानासो पुटपुटले.

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेले नाही."

"नव्हता पडला!"

मग जवळ येऊन ते हळूच म्हणाले, "सगळे शेअर परत करतो, वहिनी. आता पुरे करा."

"ते उद्या बघू."

गिऱ्हाइकांचे शेअरचे कागद नानासोंच्या कपाटात असत; सुभेदार आधीच तिथे पोचले होते. "माजं समदं कागद काडा भाईर." त्यांच्या मागे आणखी दोघे उठले, मग बाकावरचे सगळेच. नानासोंना किल्ली लावता येईना. शालूबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या. त्यांच्यामागे जावे असे क्षमाला क्षणभरही वाटले नाही. तिने आपली खुर्ची कपाटासमोर ओढून घेतली. शेवटचे गिऱ्हाईक कागद घेऊन पायऱ्या उतरेपर्यंत तिला उठायचे नव्हते.