मस्कत ते सूर, व्हाया ओपोका

पर्समध्ये चांदीची वाटी घेऊन मी मस्कतला उतरले. वाटीवर पुण्यातच नाव घालून घेतलं होतं: ‘हेमांगी’. माझा मुलगा केदार तिथल्याच कुरुम भागात नोकरी करतो आणि ऑफिसातल्या हान्नाशी, एका पोलिश मुलीशी, लग्न करतोय. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आमच्याकडची रीत. नाव मी निवडलं. हान्नाला विचारावं हे मला सुचलंही नाही. समुद्रकाठच्या सूर गावाला तिघांची सहल होती, त्यात वाटी द्यायची, एवढंच ठरवलं होतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही. डावीकडे समुद्र, उजवीकडे बोडके डोंगर. पेट्रोल पंपावरच करक चहा, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणि पराठा उरकून घ्या. दीडेक तासाने बिम्माचा खड्डा लागतो, जमीन खचून झालेलं खोल कुंडच ते. प्रवेश फुकट, पण पायऱ्या भरपूर. गुडघे कुरकुरत असतील तर विचार करून उतरा. खाली हिरवंनिळं पाणी, आणि पाय सोडले की मासे गुदगुल्या करतात.

हान्नाने कड्यावर हात फिरवला. “ओपोका!”

तिचं इंग्रजी माझ्याइतकंच जेमतेम, त्यामुळे आमचं छान जमतं. ती म्हणाली, “आमच्याकडचा चुनखडीचा दगड. हा अगदी तोच नाही, त्याचा चुलतभाऊ. शेत नांगरलं की वर येतो. माझ्या गावाचं नावही ओपोकाच. अशी बरीच गावं आहेत. जिथे तो दगड, तिथे ते नाव.” मग तिने विचारलं, “आई, केदार म्हणतो लग्नात माझं नाव बदलणार. तुमचं बदललं होतं?”

“हो. मी कुंदा होते, सुमेधा झाले.”

“तुम्हाला विचारलं होतं?”

“छे गं, कोण विचारतंय!” मी हसले आणि एकदम डोळे भरून आले. आई गेल्यापासून मला कुंदा म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

सूरला लाकडी गलबतं बांधताना पाहिली, बंदराजवळ ताजा मासा आणि भात खाल्ला. दोन्ही चुकवू नका. परतताना मी गाडीच्या खिडकीला डोकं टेकलेलं पाहून केदार म्हणाला, “काय आई, बॅटरी खलास?” वाटी पर्समध्येच राहिली.

पुण्याला परतल्यावर आधी सराफाकडे गेले. हेमांगी घासून काढायला सांगितलं.

“नवं काय घालू?”

“हान्ना. जुनंच आहे ते. आणि खाली बारीक अक्षरात, ‘कुंदाकडून’.”

“कुंदा कोण?”

“मी,” म्हटलं.