फसल्यावर फोन आमच्याकडे

असे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घडी घालायचे कपडे खुर्चीवर साचत जातात तसे ते साचतात. मग एक दिवस बसायला जावं तर खुर्चीच दिसत नाही!

भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या एका दुकानावर आमचं छोटं ऑफिस आहे. जिल्ह्यातल्या लोकांनी आपसांत वस्तू घ्याव्या-विकाव्या यासाठीचं एक ॲप इथून चालतं. कोशाची रेशमी साडी, जुनी मोटरसायकल, म्हैस, जे असेल ते. विकणारा खरा आहे का, माल फोटोतलाच आहे का, हे बघायचं आणि घेणारा फसला तर निस्तरायचं काम आम्हा तिघांचं. मी, फोनवर बोलणारी प्रीती आणि निंबार्ते सर. सर शाळेतून रिटायर झालेत. विक्रेत्यांना मंजुरी द्यायचं काम त्यांच्याकडे, आणि समोरचा साठीचा असला तरी ते त्याला सातवीतला समजून रागावतात.

मालकांच्या भाषेत आम्ही 'ट्रस्ट अँड सेफ्टी'. माझ्या सासूबाईंच्या भाषेत, "दिवसभर लोकायच्या शिव्या खाते." सासूबाईंचं जास्त बरोबर आहे.

* * *

एकाने कोशाची साडी टाकली होती, 'शंभर टक्के असली'. फोटोतली चमक बघून मला शंका आली. खऱ्या रेशमाचा धागा जाळला की केस जळल्यासारखा वास येतो, नकली धाग्याची वितळून गोळी होते. मी म्हटलं, पदराचा एक धागा जाळून व्हिडिओ पाठवा.

व्हिडिओ आला. काडी पेटली, धूर निघाला, आणि नेमका जळलेला धागा दाखवायच्या वेळी कॅमेरा छताच्या पंख्याकडे गेला! मी फोन लावला. "दादा, धागा दिसलाच नाही."

"धागा कायले पाह्यता म्याडम? वास पाहा ना! येऊन राहिला ना वास?"

मी डोक्याला हात लावला. शेजारी निंबार्ते सर मोबाइल नाकाजवळ नेऊन वास घेत होते.

* * *

चिखल्याच्या खाणीत काम करणाऱ्या एका भाऊंनी ॲपवर म्हैस पसंत केली. विकणाऱ्याने फोटो पाठवले, करडी गावचा पत्ता दिला आणि "दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे" म्हणून आगाऊ पैसे मागवून घेतले. भाऊंनी खाणीतून सुट्टी काढली, पिकअप ठरवली आणि करडी गाठलं. गोठ्यात तीच म्हैस, तेच वाकडं शिंग! भाऊंनी आनंदाने दावं सोडायला घेतलं. तेवढ्यात घरमालक काठी घेऊन धावत आला.

म्हैस विकायला काढलीच नव्हती. कुणीतरी रस्त्यावरून फोटो काढून नेले होते.

मला फोन आला तेव्हा मागे म्हैस ओरडत होती, मालक ओरडत होता आणि भाऊ मात्र फार हळू बोलत होते. "ताई, म्हैस खरी हाये. गोठा खरा हाये. पत्ता खरा हाये. इकणाराच तेवढा खोटा हाये."

मालकाने शेवटी त्यांना चहा पाजला. ते रिकामी पिकअप घेऊन परत गेले. आम्ही ते खातं बंद केलं, पोलिसांत तक्रार द्यायला लावली. पुढच्या आठवड्यात तीच म्हैस एका बाईच्या नावाने पुन्हा ॲपवर!

* * *

खोटे अभिप्राय हा वेगळाच ताप. एकाच्या जुन्या मळणी यंत्राला सगळीकडून पाच-पाच स्टार. निंबार्ते सर वाचायला बसले. पहिला अभिप्राय : 'एकदम इमानदार माणूस. लहानपणापासून ओळखतो. माझा मोठा भाऊ आहे.' दुसरा : 'भाऊजींची मशीन एक नंबर.'

सरांनी सगळे काढून टाकले आणि त्याला फोनवर झापलं, "नातेवाइकांचे अभिप्राय चालत नाहीत! गावातल्या परक्या माणसाकडून लिहून घ्या."

"सर, गावात आमच्या नात्यातला नाही असा एकच माणूस हाये."

"मग त्याच्याकडून घ्या!"

"त्याच्यासंगच तं वावराच्या धुऱ्याची केस चालू हाये ना!"

* * *

मोटरसायकलचे नकली पार्ट असली म्हणून विकणारा एक जण आम्ही मोठ्या मेहनतीने पकडला आणि त्याचं ॲपवरचं दुकान बंद केलं. महिनाभराने त्याचाच फोन. बूट मागवले होते, डब्यात दोन्ही डाव्या पायाचे निघाले. नुसता पेटला होता! "चोर बसवून ठेवले तुम्ही ॲपवर! भरोसा कोणावर ठेवायचा माणसानं?"

सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही स्वतः इथूनच लोकांना फसवलंत, विसरलात?"

"थे इकताना, सर. घेताना तं मी इमानदार होतो!"

 सर गुपचूप त्याचे बूट परत घ्यायच्या कामाला लागले.

* * *

आणि लाखांदूरकडच्या त्या आजी.

सुनेसाठी त्यांनी ॲपवरून शिलाई मशीन मागवली होती. त्या दिवसांत आमच्या ॲपचं नाव घेऊन कुणीतरी लोकांना फोन करत होता, म्हणून आम्ही प्रत्येक घेणाऱ्याला आधीच सावध करत होतो. प्रीतीनेच सकाळी आजींना फोन केला. "आजी, मोबाइलवर नंबर येईल तो कोणालाच सांगायचा नाही. आमचं नाव घेऊन मागितला तरी नाही." आजी म्हणाल्या, "नाई सांगत व." प्रीतीने यादीतला पुढचा फोन लावला.

दुपारी त्या भामट्याचा फोन आला आणि आजींनी नंबर सांगितला. खात्यातली सगळी पुंजी गेली.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने भंडाऱ्याला आल्या आणि एकट्याच जिना चढून वर आल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. सरांनी बँकेला फोन लावला, मी पोलिसांच्या तक्रारीचं बघत होते. प्रीतीला मात्र राहवलं नाही.

"आजी, मी सकाळीच सांगितलं होतं ना तुम्हाला? मग काहून सांगितला नंबर?"

"सांगितलं होतंस ना बाई," आजी म्हणाल्या. "तू सांगितलंस अन् फोन ठेवून देल्लास. त्यानं पयले इचारलन, 'आई, जेवलीस का?'"

 खालच्या दुकानात भांडी ठोकत होते.

बँकेचा फोन काही लागेना. दुपार कलली. प्रीती उठली, आजींच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, जेवल्या का तुम्ही?"

आजींनी पिशवी छातीशी घट्ट धरली.

"कायले इचारून राहिलीस?"