मोजणीवाल्यांचा हुरडा

सोलापूर स्टेशनवर आप्पा मला सोडायला आले तेव्हा डोक्याला नवा पटका होता. शालन, तू धाकटी, आपली हुंदके देत होतीस आणि मी तुझ्यावरच चिडले होते, कारण रडायचं मलाही होतं. गाडी हलली तसे आप्पा खिडकीशी आले. "कुनाच्या दारात उपाशी ऱ्हाऊ नगं, आन् आपल्या दारात कुनाला ठिवू नगं," म्हणाले. जर्मनीला नर्स म्हणून निघालेल्या पोरीला हा उपदेश!

खरं तर आपलं दार तेव्हा होतं कुठं? शुक्रवार पेठेतली भाड्याची खोली ती. करमाळ्याकडचं रान धरणात जाणार म्हणून आधीच सुटलं होतं. आणि त्या रानाचं आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. मोजणीवाले आले ते नेमके हुरड्याच्या दिवसात. ज्वारी टंच भरलेली. आप्पांनी त्यांना आगटीभोवती बसवलं, कोवळी कणसं भाजली, वर गूळ आणि शेंगाची चटणी. रानात आलेल्याला हुरडा न खाऊ घालता पाठवायचं म्हणजे पाप, एवढंच त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी बैलाच्या पायानं मोजणीची एक खुंटी पडली, तर आप्पांनी ती स्वतः दगडानं ठोकून उभी केली. "सायबाचं काम नासाया नगं की." त्याच खुंटीच्या अलीकडचं सगळं गेलं. पुढं मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, आप्पाही चालले. पण पाणी यायचं ते आलंच.

इथं माझी घरमालकीण एल्झाबाई. तिचे द्राक्षांचे मळे. गावाच्या कडेला अणुवीज प्रकल्प येणार असं ठरलं, आणि मोजणीवाले खुंट्या घेऊन आले. मला वाटलं, आता ही वाईन काढणार. छे! बाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. गावातल्या बायांनी खुंट्या उपटल्या आणि पोराबाळांसकट तिथंच ठाण मांडलं. हाडं गोठवणारी थंडी, मोठ्या पातेल्यात सूप, समोर पोलीस. ड्युटी संपली की मी रस्त्यापलीकडून बघायचे. परक्या देशात माझा परवाना हॉस्पिटलच्या हातात, मी कुठल्या तोंडानं त्यांच्यात बसणार? एल्झाबाई पोलिसावर ओरडायची तेव्हा मला आप्पांनी ठोकलेली ती खुंटी आठवायची. इतकं सोपं होतं का हे, आप्पा?

एकदा तिनं विचारलं, "तुमचं रान गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी म्हणाले, "जेवायला घातलं." तिला वाटलं, माझं जर्मन चुकलं.

तो प्रकल्प तिथं झाला नाही. एल्झाबाईच्या मळ्यात अजून द्राक्षं लागतात.

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा हे सगळं आप्पांना सांगितलं. जरा टोचूनच सांगितलं, खोटं कशाला बोलू. बाया कशा बसल्या, खुंट्या कशा उपटल्या, मोजणीवाल्यांना गावात कुणी घोटभर पाणी कसं दिलं नाही. आप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटलं, आता तरी म्हणतील, आमचं चुकलं बाई. मग म्हणाले, "आन् मंग ती मानसं दुपारची जेवली कुटं?"

तू तोंडाला पदर लावून हसलीस. मी उठून मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. अशा माणसाकडून कुणीही काहीही न्यावं, आणि आपण बघत बसावं, दुसरं काय.

आता आप्पाही नाहीत. घर कुठलं असं इथं आलेली आपली माणसं एकमेकांना विचारतात तेव्हा मी करमाळा म्हणते, पण तिथं दाखवायला पाणीच आहे. परवा सकाळी माझ्या दारासमोर दोघंजण टेप आणि खुंट्या घेऊन उभे. रस्ता रुंद करायचाय म्हणे, माझ्या अंगणातलं झाड जाणार. अंगाचा नुसता तिळपापड झाला. चार शब्द सुनावायचे म्हणून मी खिडकी उघडली. बाहेर बर्फ पडत होतं, त्या दोघा पोरांचे कान लालबुंद झालेले.

काय करू, शालन? तोंडातून निघालं, "आत या, कॉफी टाकते."