पोळ्यांच्या आधीची झाडं

थंडीत पार्कात धुकं उतरतं. माझं पोळ्यांचं पहिलं घर सातचं, बोरिवलीतच. त्याआधी मी पार्काच्या आतल्या रस्त्यावर जाते आणि फोनवर झाडांचे फोटो काढते. कुणाला सांगितलं नव्हतं. कशाला काढतेस असं विचारलं असतं, तर मला उत्तर आलं नसतं. धुक्यात झाड एकटं दिसतं, मागचं काही दिसत नाही, एवढंच. चार घरच्या पोळ्या आणि घरी आजारी माणूस. माझी म्हणावी अशी तेवढीच अर्धी घटका.

आजारी माणूस म्हणजे माझा नवरा. पूर्वी हे पार्कातल्याच रोपवाटिकेत माळी होते. आता मोरीपर्यंत गेले तरी दम लागतो. एकदा मी आंघोळीला गेले असताना यांनी फोन उघडून फोटो पाहिले.

"अगो, हा वळणावरचा ऐन ना?"

चोरी पकडल्यासारखं झालं मला. "असेल."

"असेल काय! मगरीच्या पाठीसारखी साल दुसऱ्या कुणाची? पण वाट लावलीस त्याची. हे सगळं धुकं नाय, काचेला तुझ्या पोळ्यांचं तेल आहे. पूस की आधी!"

हसले, मग खोकत राहिले. किती दिवसांनी हसले होते.

मग रोजच सुरू झालं. उद्या बुंधा जवळून काढ. पलीकडचा कुंभा काढ. मी ओल्या गवतातून या झाडाकडून त्या झाडाकडे पळायला लागले. पाचवं घर धरल्यासारखं.

एका सकाळी फोन मुद्दाम घरी ठेवला. तरी निवांत बसता आलं नाही. ऐनाच्या सालीवर नवी भेग दिसली आणि वाटलं, ही यांना दाखवायला हवी होती. स्वतःचाच राग आला.

दुपारी घरी गेले. हे चष्मा लावून बसलेले.

"विसरलीस?"

"हो."

यांनी चष्मा काढून ठेवला. जेवलेही थोडंच.

दुसऱ्या दिवशी फोन नेला. पदराने काच पुसली. भेग काढली, कुंभा काढला. मग फोन पिशवीत टाकला आणि दगडावर बसले. पाय ठणकत होते. धुकं विरून समोरच्या फांद्या दिसायला लागेपर्यंत उठले नाही.

"अगं, वीस मिनिटं उशीर! डबे कधी भरायचे?" पहिल्या घरच्या बाई म्हणाल्या.

मी परात घेतली.

आता रोज बसते. बाई रोज बोलतात.