निकानोरचा पंप

ह्यूस्टनच्या ज्या प्रयोगशाळेत थकलेल्या हृदयाला आधार देणारे पंप बनत, तिथे ओरालियाचं काम ठरलेलं होतं. माणूस गेला की त्याच्या छातीतला पंप परत येई. तो धुवायचा, पाण्याच्या टाकीत बसवायचा, चालवून बघायचा आणि बंद करायचा. केस पिकेपर्यंत तिनं हेच केलं.

निकानोरला मात्र ती ओळखत होती. पंप बसवल्यावर तो सगळ्यांसाठी मक्याच्या पानात वाफवलेले टमाले घेऊन आला होता. "बायको म्हणते, या पंपाच्या गुणगुणण्यानं शेजारी फ्रिज झोपल्यासारखं वाटतं!" म्हणत खो खो हसला होता.

आता त्याचा पंप टाकीत घुमत होता आणि दारात त्याची बायको यूफेमिया उभी होती.

"ओरालियाताई, एकदाच ऐकू दे."

बाहेरच्यांना आत घ्यायची परवानगी नव्हती. तरी ओरालियानं स्टूल सरकवलं. यूफेमियानं काचेला कान लावला.

"अगं, हा तर ठणठणीत चाललाय!"

"पंपाला काही झालंच नव्हतं. बाकीचं शरीर गेलं गं."

"डॉक्टरही तेच म्हणाले. पंप बंद करू का विचारलं, मी हो म्हटलं." तिचा कान काचेलाच होता. "घाई केली का मी?"

"नाही. तो आधीच गेला होता."

"मग हे कोण गुणगुणतंय?"

चाचणी केव्हाच संपली होती. ओरालियाचा हात बटणाकडे गेला, तशी यूफेमिया पुटपुटली, "बंद करू का, असं आता पुन्हा मला विचारू नकोस हं."

ओरालियानं हात मागे घेतला आणि दुसरं स्टूल ओढून तिच्याशेजारी बसली.