मेजाची पोळी

मेहकरहून दुसरबीडकडे जाताना रस्त्यालगत एक गाव लागतं. त्याच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं लहान चर्च आहे. मंडळी वीसेक घरांची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं; उपासनेत सगळे भाकरीचा तुकडा आणि घोटभर रस घेतात. गावात त्याला नुसतं 'मेज' म्हणतात. मेजासाठी लागणारी भाकर गोजरबाई खिल्लारे करतात. भाकर म्हणायची, पण असते ती गव्हाची पोळी. खमीर नाही, मीठ नाही, तेल नाही. हातानं मोडता यावी म्हणून जराशी जाड. मनुका उकळून गाळलेला रसही त्याच करतात. आधी हे काम त्यांच्या सासूकडे होतं. मेजाची पोळी घरात चाखायची नाही, हा सासूचा नियम. ती आधी चर्चमध्ये जायची, तिच्यावर प्रार्थना व्हायची आणि मगच ती तोंडात जायची.

गोजरबाई आता सत्तरीला आल्या आहेत. अकरा वर्षं त्या पोळी करत होत्या आणि खात नव्हत्या. तुकड्यांचं ताट बायकांच्या बाजूला आलं की त्या ते तसंच शेजारणीकडे सरकवायच्या. हे सगळ्यांना दिसत होतं आणि त्यामागचं कारणही सगळ्यांना माहीत होतं. दरम्यान त्यांच्या घरातली चूल जाऊन गॅस आला आणि पोळी कडक, चिवट होऊ लागली. म्हातारी माणसं तुकडा गालात धरून भिजवायची. गोजरबाईंना मात्र हे कुणी सांगितलं नाही.

पोळी न खाण्याचं कारण असं होतं. त्यांचे पती प्रभुदास यांना भरदुपारी शेतात साप चावला. शेजारी शांतवन मोरे राहत. तेही याच मंडळीतले. त्यांची प्रवासी जीप दारात उभी होती. दोन्ही घरांत शेताच्या वाटेवरून वर्षभर अबोला होता. गोजरबाई स्वतः त्यांच्या दारात गेल्या. टायर पंक्चर आहे, असं शांतवन म्हणाले. प्रभुदासांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेलं. मेहकर यायच्या आत ते गेले. त्याच संध्याकाळी गावातल्या माणसांनी ती जीप दुसरबीडच्या थांब्यावर सवाऱ्या भरताना पाहिली. जीपनं नेलं असतं तर ते वाचले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पुढे शांतवन जीप विकून मुलाकडे जालन्याला गेले.

ते गेल्या वर्षी परत आले. उजवा हात लकव्यानं गेलेला, सोबत नात अश्विनी. रविवारी मागच्या बाकावर बसायचे आणि ताट आलं की मान खाली घालायचे. मंडळीची जुनी रीतच तशी आहे. मनात तेढ असेल त्यानं मेजाला हात लावायचा नाही, मग चूक कुणाचीही असो. ही तेढ सोडवायचीही एक रीत आहे. ज्याची चूक त्यानं दुसऱ्याच्या घरी जायचं आणि आत बसायचं. घरच्यानं पाण्याबरोबर गूळ पुढे केला की प्रकरण मिटलं. माफी शब्दांत मागावी लागत नाही आणि झालेली गोष्ट पुन्हा कधी काढायची नसते. नुसतं पाणी मिळालं तर काहीच मिटलेलं नसतं. पाणी कुणालाही मिळतं.

पाळक अविनाश साळवे नगरकडचे, नव्यानं आलेले. 'पाणी पिऊन समेट होतो' एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. मे महिन्यात एका दुपारी ते शांतवनना घेऊन गोजरबाईंच्या घरी गेले. गोजरबाईंनी दोघांना आत बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं. गुळाचा डबा फळीवर होता, तो फळीवरच राहिला. शांतवनना ते दिसलं. ते पाणी प्यायले. पाळकांनी डोळे मिटून दोन्ही घरांसाठी लांबलचक प्रार्थना केली. परतताना पाळक खुशीत होते. त्यांची चूक दुरुस्त करण्याचं धाडस शांतवनना झालं नाही, किंवा त्यांना ती दुरुस्त करायची नव्हती. ते कळायला मार्ग नाही.

पहिल्या रविवारी पाळकांनी भर उपासनेत समेट जाहीर केला. अश्विनीचं ते पहिलंच मेज होतं. ती आजोबांना चिकटून बसली होती. ताट आलं, शांतवननी डाव्या हातानं तुकडा उचलला आणि गोजरबाई उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, पानी देलं म्या. गूळ नाई देला."

आणि त्या खाली बसल्या. शांतवननी तुकडा ताटात परत ठेवला. अश्विनीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या हातातलाही तुकडा ठेवून दिला.

गावात दोन तट पडले. बाई खरं तेच बोलली, असं काहींचं म्हणणं. मेजापाशी भांडण काढायचं नसतं, हेही रीतीतच आहे, असं दुसऱ्यांचं म्हणणं. पाळक माफी मागायला आले तेव्हा गोजरबाईंनी त्यांना चहा दिला आणि तुम्ही नवीन आहात, तुम्हाला काय ठाऊक, असं म्हणून विषय संपवला. त्यांना दुसरंच काही खात होतं. सून पुष्पांजली सांगते की त्या महिन्यात सासूबाईंनी त्या पोरीचं नाव पुष्कळदा काढलं. शांतवनचं एकदाही नाही.

पुढच्या मेजाआधीच्या शुक्रवारी त्या शांतवनच्या घरी गेल्या आणि न विचारता आत जाऊन बसल्या. शांतवन उभेच राहिले.

"वहिनी, तुमच्याकडे याचं तं मले होतं. तुमी काऊन आल्या?"

"तुमचं तुमच्यापाशी. मी माह्यासाठी आली. मेजापाशी बोलाचं नसते, अन् मी बोलली. पोरीनं तुकडा ठेवून देला."

"खोटं तं नाई बोलल्या."

"खोटं नाई. पन ते जागा नव्हती. पानी आना."

अश्विनी उठली. शांतवननी तिला बसवलं आणि स्वतः आत गेले. एकाच हाताचं काम. आधी पाण्याचा गिलास आणून ठेवला, मग पुन्हा जाऊन गुळाचा खडा आणला. गोजरबाईंनी गूळ खाल्ला, वर पाणी प्यायल्या. त्यांच्या बाजूचं मिटलं.

त्या उठल्या तेव्हा शांतवन म्हणाले, "वहिनी, टायर चांगला होता."

अकरा वर्षांत ते हे कुणापुढे बोलले नव्हते.

"मले माहीत हाये," गोजरबाई म्हणाल्या. "तुमच्या तोंडून आयकाचं होतं." चप्पल पायात घालताना त्यांनी एवढंच जोडलं, "उद्या घरी या. एकटे या. पाळकाले आनू नका, त्याची प्रार्थना लंबी असते."

शनिवारी शांतवन आले तेव्हा गोजरबाई मेजाच्या पोळीची कणीक मळत होत्या. त्यांनी हात धुतले, फळीवरचा डबा काढला, वाटीत गूळ ठेवला आणि पाण्याचा तांब्या शेजारी. प्रभुदासांचा विषय निघाला नाही. हाताला कोणतं तेल लावता, फरक आहे का, एवढं बोलणं झालं. ते गेल्यावर, विसरलात का सगळं, असं पुष्पांजलीनं विचारलं. विसरायचं काही ठरलं नव्हतं, गूळ द्यायचं ठरलं होतं, असं उत्तर मिळालं. गोजरबाई पुन्हा कणकेला लागल्या.

रविवारी शांतवननी तुकडा घेतला, अश्विनीनं घेतला. बायकांच्या बाजूला ताट गोजरबाईंपाशी आलं आणि थांबलं. त्यांनी तुकडा उचलून तोंडात टाकला. मग बराच वेळ त्या चावत राहिल्या. रसाचा पेला येऊन गेला, शेवटचं गीत सुरू झालं, तरी त्यांचा जबडा हलतच होता.

उपासना सुटल्यावर बाहेर लिंबाखाली मंडळी एकमेकांना सलाम करत उभी होती. मंडळीचे सगळ्यांत वृद्ध पंच किसनराव काठी शोधत होते. गोजरबाई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"किसनभाऊ, पोळी एवढी चिवट होते, कोनी सांगतलं नाई काऊन?"

किसनरावांचे दात गेल्याला काही वर्षं झाली आहेत.

"कोन सांगल, बाई?" ते म्हणाले. "तुमी खातच नव्हत्या."

आता शनिवारी गोजरबाई कणकेत पाणी जरा जास्त घालतात, गॅस बारीक ठेवतात आणि भाजलेली पोळी ओल्या फडक्यात गुंडाळतात. घरात ती अजूनही कुणी चाखत नाही. ती कशी झाली, हे त्यांना रविवारी चर्चमध्येच कळतं.