‘ठीक’मधला ठ

राजापूरहून आमच्या नाटे गावाला येणारी दुपारची एसटी आमच्या शाळेसमोर वळण घेते. त्या गुरुवारी गाडी उभी राहिली आणि कंडक्टर उतरून थेट माझ्या वर्गाच्या दारात आला. तो पूर्वी पालीच्या गाडीवर होता, त्यामुळे जुनी ओळख. म्हणाला, "मास्तर, पालीचे रेडिओवाले दत्ताराम तुमचे दोस्त ना? ते गेले परवा." मी विचारलं, "कुठे गेले?" ... माझ्या हातात खडू होता आणि फळ्यावर समास अर्धा सोडवलेला होता. कंडक्टर गाडीकडे बघत म्हणाला, "कावीळ झाली होती म्हणतात. तीन आठवडे पडून होते." तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की हा दुसऱ्याच कुठल्या दत्तारामबद्दल बोलतोय. तीन आठवडे आजारी असता तर माझ्या दत्ताने मला कळवलं नसतं का? या गोष्टीला आता दीड महिना झाला. माणूस गेला हे डोक्यात शिरलंय, पण बाकीचा गुंता जसाच्या तसा आहे. व्याकरण शिकवणाऱ्याला चार गोष्टी ओळीने सांगता याव्यात अशी लोकांची अपेक्षा असते. मला या बाबतीत ते जमेल असं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दत्ता आणि मी पालीच्या शाळेत एका बाकावर होतो. त्याचं घर बाजारापासून दीड मैल आत, कातळ उतरून गेलं की भाताच्या मळ्या, म्हणजे खाचरं, लागतात तिथे. मॅट्रिकच्या परीक्षेत मराठीनेच त्याचा घात केला. ऱ्हस्व-दीर्घ त्याला आयुष्यात कधी कळलं नाही. मुंबईत रेडिओच्या कारखान्यात दहा वर्षं काढून तो परत आला, बाजारात एका खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि दारावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली : ‘रेडीयो दुरूस्ति’. मी तोवर तिथल्याच शाळेत मास्तर झालो होतो. येता-जाता ती पाटी मला खुपायची. एकदा न राहवून मी रंगाचा डबा घेऊन ती दुरुस्त करायला गेलो, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे मास्तर. ज्याचा रेडिओ बिघडलाय त्याला पाटी वाचता येते. बाकीच्यांचा काय उपेग?" तरीही मी वेलांटी बदललीच. मी असाच आहे, आणि पुढे जे घडलं त्यात माझ्या या खोडीचा मोठा हात आहे.

साधारण सहा वर्षांपूर्वी जवळच्या एका शेतकी फार्मवर भात लावायचं यंत्र आलं. पत्र्याच्या ताटात चटईसारखी दाट वाढवलेली रोपं ठेवायची. मग यंत्राची चार लोखंडी बोटं त्यातून चिमूट चिमूट उचलून चिखलात खोचत जायची, म्हणजे एकेका ओळीत एकेक चूड, रोपांची बारकी जुडी. मागून माणूस यंत्र धरून चालायचा. गोची अशी की एखादं बोट रिकामंच खाली जायचं, आणि चालवणाऱ्याला ते कळायचं नाही, कारण त्याचं सगळं लक्ष चिखलात पाय कुठे पडतो याकडे. मळीच्या टोकाला जाऊन मागे वळून बघावं तर ओळीच्या ओळी बोडक्या. फार्मवरचे साहेब देशावरचे, हुशार, हौशी. त्यांनी दत्ताला बोलावून विचारलं, रोप लागलं की नाही हे सांगणारं काही विजेचं करता येईल का? दत्ताने पंधरा दिवस दुकान जवळजवळ बंदच ठेवलं. प्रत्येक बोटाच्या एका बाजूला बॅटरीचा बारका बल्ब, समोर उजेड ओळखणारा मणी. त्याला तो डोळा म्हणायचा. बल्ब आणि डोळा यांच्यामधून रोप गेलं की उजेड तुटतो, आणि जुन्या ट्रान्झिस्टरच्या खोक्यातून आवाज येतो, टिक. चारही रोपं लागली तर टिक, एक जरी चुकलं तर गप्प. पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा मी बांधावर छत्री धरून उभा होतो. यंत्र मळीतून चाललं होतं, टिक, टिक, टिक... आणि दत्ता त्याच्या मागून चिखल तुडवत, मान एका बाजूला कलती करून. इतका खूश मी त्याला लग्नातही बघितला नव्हता.

साहेबांना मात्र ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, दिवसभर ही टिकटिक ऐकून माणसाचं डोकं उठेल. सगळं सुरळीत असताना यंत्राने गप्प राहावं, रोप चुकलं तरच भोंगा वाजावा. मोठे अधिकारी प्रयोग बघायला येणार होते, आणि त्यांना आवडलं तर फार्मवर दत्ताला कायमची नोकरी द्यायचं साहेबांच्या मनात होतं. दत्ता दोन दिवस अडून बसला. शेवटी मला भेटून म्हणाला, "उलटा जोडला तर फसवील, मास्तर." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नोकरी तेवढी कळत होती. मी त्याला सुनावलं, "अरे, शहाणी माणसं सांगताहेत ते ऐक. काही बिघडलं तरच माणूस ओरडतो. ठणठणीत असताना कोण ओरडत बसतो?" त्याने जोडणी उलटी केली. साहेबांच्या सांगण्याने नव्हे, माझ्या. हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी अधिकारी आले, छत्र्या उघडल्या, यंत्र सुरू झालं. पहिल्या मळीत दोनदा भोंगा वाजला, दोनदा दत्ताने बोट साफ केलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या मळीत यंत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुमान गेलं. भोंगा नाही, काही नाही. साहेब अधिकाऱ्यांना समजावून सांगत होते की बघा, एकही रोप चुकलेलं नाही. तेवढ्यात लावणीला आलेल्या बायकांमधली एक जण बांधावरून म्हणाली, "अवो, ह्ये लावतंय काय? निस्ता चिखूल ढवळतंय." सगळ्यांनी मागे बघितलं. मळी रिकामी होती, नुसत्या बोटांच्या खुणा. चिखल उडून चारही डोळे बुजले होते. उजेड दिसत नाही म्हणजे मधे रोप आहे, असं समजून पेटी आपली समाधानाने गप्प. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. साहेबांनी विचारलं, "दत्ताराम, हे काय?" आणि दत्ता शांतपणे म्हणाला, "माझी जोडणी चुकली, साहेब." साहेब अधिकाऱ्यांना घेऊन बांधावरून निघाले. मी मूग गिळून उभा राहिलो. नोकरी तिथेच संपली, आणि त्या पावसाळ्यानंतर यंत्रही कुठल्याशा शेडमध्ये गेलं.

परतताना बाजारात चहा घ्यायला बसलो. मी चिडून विचारलं, तू खरं का नाही सांगितलंस? बशीत चहा ओतत तो म्हणाला, "सांगून काय रोपं लागणार व्हती?" मग बशी संपवून, "बोंबलणाऱ्यावर भरवसा नाय ठेवायचा, मास्तर. त्येचाच गळा बुजला तर तो बोंबलणार कसा? बरा हाय तवर बोलायचं. गप झाला की जाऊन बघायचं." हे वाक्य मला शब्दाला शब्द आठवतं. तो यंत्राबद्दल बोलत होता. निदान मी तरी ते यंत्राबद्दल म्हणूनच ऐकलं. की तो तेव्हाच...? नाही, मला ठरवता येत नाही.

पुढल्याच वर्षी माझी नाट्याला बदली झाली. निरोप द्यायला तो स्टँडवर आला होता. मी चारचौघांसारखं बोललो, "काही कमीजास्त असलं तर कळव रे." तो हसून म्हणाला, "कमीजास्त कळवायला मानूस धड तर हवा." आणि त्या आठवड्यापासून पोस्टकार्डं सुरू झाली. सोमवारी तो कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकायचा, बुधवारी मला मिळायचं. उभ्या कार्डावर एकच शब्द : ‘टिक’. खाली सही.

आता मी मराठीचा मास्तर. माझ्यासमोर ‘टिक’ आलं तर मी काय करणार? ‘इकडील सर्व ठीक’ असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. या गाढवाला ‘ठ’ही धड येत नाही आणि दीर्घही येत नाही, एवढंच मला दिसलं. लाल शाईने ‘टि’वर काट मारून वर ‘ठी’ लिहायचं आणि कार्ड कपाटात ठेवायचं, हा माझा बुधवारचा नेमच झाला. एकदा तर दुरुस्त केलेलं कार्ड पाकिटात घालून त्याला परत पाठवलं. पुढल्या बुधवारी पुन्हा ‘टिक’. मे महिन्यात पालीला गेलो, तर माझं ते लाल शाईचं कार्ड त्याने दुकानात खिळ्याला अडकवलेलं. गिऱ्हाइकांना दाखवून तो इतका हसत होता की मलाही हसू आलं. आम्ही दोघं कशाला हसत होतो, ते दोघांचं एकच होतं की नाही, कोण जाणे.

यंदा तीन बुधवार कार्ड आलं नाही. माझ्या ते लक्षातच आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. लक्षात आलं होतं. पहिल्या बुधवारी वाटलं, पोस्टाचा घोळ असेल. दुसऱ्या बुधवारी वाटलं, गावागावांत आता टीव्ही आलेत, अँटेना लावत फिरत असेल, कामात असेल, चांगलंच आहे. तिसऱ्या बुधवारी मी बायकोला चक्क म्हणालो, "काही वाईट असतं तर कळवलं असतं." ती मान डोलावून आत गेली. दुसऱ्या दिवशी कंडक्टर आला.

दहाव्याला मी पालीला गेलो. सुमनवहिनी, म्हणजे दत्ताची बायको, ओटीवर बसल्या होत्या. मी रागानेच विचारलं, हो, रागाने, की मला एक कार्ड टाकायचं कुणाला सुचलं नाही का? त्या म्हणाल्या, "म्या इचारलं व्हतं, भावजी. मास्तरांना लिवायला सांगू काय कुनाला? तर म्हनाले, नको. कार्ड नाय गेलं की तो येतोच." त्याच पुढे म्हणाल्या, "दर बेस्तरवारी इचारायचे, राजापूरची गाडी आली काय." बेस्तरवार म्हणजे गुरुवार, माझ्या बुधवारचा दुसरा दिवस.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला दर आठवड्याला एक शब्द मिळत होता आणि मी त्याचं शुद्धलेखन तपासत होतो... पण मग लगेच दुसरं मन उलटून म्हणतं, त्याने कधी स्पष्ट सांगितलं होतं का? त्याला खरोखर ‘ठीक’ लिहायचं असेल आणि येत नसेल, असंही असू शकतं. ज्याने ‘दुरुस्ती’ कधी धड लिहिलं नाही, तो ‘ठीक’ कसं लिहिणार? वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत, मी शाळंत गेलीच नाय." कपाटातली सगळी कार्डं काढून मी पुन्हा बघितली. सगळीकडे तेच दोन अक्षरांचं, आणि प्रत्येकावर माझी लाल काट. कुणी चुकलं आणि कुणी दुरुस्त केलं, ते मला आता सांगता येत नाही.

निघताना वहिनींनी दत्ताने यंत्रावरून काढून आणलेली ती टिकटिकीची पेटी, तारांना लटकणाऱ्या बल्ब-डोळ्यांसकट, माझ्या हातात दिली. नवे सेल घालून मी ती नाट्याच्या घरात खिडकीत ठेवली आहे. मला वाटलं होतं, त्यातून भोंगा वाजेल. एका डोळ्यासमोरून बोट नेलं, तर आली टिक. म्हणजे त्याने कधीतरी मुकाट्याने ती जोडणी सुलटी करून ठेवली होती, माझा शहाणपणा काढून. पेटीला त्याने एकच डोळा जोडलेला ठेवलाय, पण त्याला माणसाचं बोटही रोपासारखंच वाटतं. कधी कधी मी ते करतो. बोट न्यायचं, टिक. पुन्हा न्यायचं, टिक. मग हात मागे घ्यायचा आणि ऐकत बसायचं.

बुधवारी पोस्टमन आमच्या दारावरून तसाच पुढे जातो. तो पुढे गेला की मी उठतो. चपला घालतो, पिशवी घेतो, पायरी उतरून रस्त्यापर्यंत जातो. राजापूरला परतणारी गाडी वळणावर उभी असते, कंडक्टर ओळखीचा आहे, तो घंटा मारतो, गाडी जाते आणि मी परत फिरतो. बायको म्हणते, हे काय नवीनच? मी काय सांगू... आता मला अगदी वेळेवर उठता येतं.